मोशन ब्लर ऑफ करताय? करा, पण आधी हे वाचा

नवीन गेम इन्स्टॉल केला की पहिलं काम काय, तर सेटिंग्जमध्ये जायचं आणि मोशन ब्लर (हलणाऱ्या गोष्टी पुसट दाखवणारा इफेक्ट) ऑफ करायचा. मग डेप्थ ऑफ फील्ड (फोकसबाहेरचं धूसर करणारा) ऑफ, फिल्म ग्रेन (फिल्मसारखे दाणे) ऑफ, सगळंच ऑफ. मी ग्राफिक्स प्रोग्रामिंग करतो आणि मीसुद्धा बऱ्याच गेममध्ये हेच करतो, त्यामुळे कोणाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. पण परवा एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की ब्लर म्हणजे डेव्हलपर लोकांची कामचोरी आहे, टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) धड नसतात म्हणून वरून धुरकट करून टाकतात, आणि त्यावर धडाधड अंगठे पडले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

ब्लर फुकट मिळत नाही हो. फुकट मिळतं ते कडक शार्प चित्र. ज्याला आपण मेहनत समजतो ते कॉम्प्युटरला आपोआप येतं आणि ज्याला आपण झाकपाक समजतो त्यासाठी गेली चाळीसेक वर्षं लोक पेपर लिहितायत.

कारण असं आहे की कॉम्प्युटर ग्राफिक्समधला कॅमेरा हा मुळात खरा कॅमेराच नाही. त्याला भिंग नाही, नुसतं एक छिद्र आहे आणि त्या छिद्राचं माप शून्य. शटर आहे, पण ते उघडतं शून्य सेकंद. खऱ्या जगात असा कॅमेरा बनवलात तर शून्य छिद्रातून शून्य वेळात शून्य प्रकाश येईल आणि फोटो काळाकुट्ट निघेल, आपल्याकडे सगळं गणित असल्यामुळे ते खपून जातं. मग प्रत्येक पिक्सेलला एकच प्रश्न विचारायचा, या क्षणी, या रेषेत, पहिलं काय दिसतं? एक उत्तर, एक रंग, झालं. जीपीयू (ग्राफिक्स कार्डवरची चिप) नावाचं सगळं यंत्रच या एका प्रश्नासाठी घडवलेलं आहे.

खऱ्या कॅमेऱ्याचं तसं नसतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, आणि शटर साधारण १८० अंशांचं म्हणतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ फिल्मवर प्रकाश पडतो, १/४८ सेकंद. तेवढ्या वेळात बॉल सरकला तर फिल्मवर बॉल उमटत नाही, त्याचा फराटा उमटतो, आणि डोकं ते फराटे जोडून घेतं म्हणून २४ फ्रेमचा सिनेमा सलग वाटतो आणि २४ फ्रेमवर गेम चालला की कॉम्प्युटर फेकून द्यावासा वाटतो. भिंगाचंही तेच, त्याला रुंदी असते, भिंगाच्या डाव्या टोकातून दिसणारं जग आणि उजव्या टोकातून दिसणारं जग थोडं वेगळं असतं आणि सेन्सरवर त्या सगळ्यांची बेरीज पडते. जिथे फोकस आहे तिथे ती सगळी दृश्यं एकमेकांवर बरोबर बसतात, बाकी ठिकाणी बसत नाहीत, आणि न बसण्यालाच आपण आउट ऑफ फोकस म्हणतो.

म्हणजे धूसर पिक्सेलमध्ये माहिती कमी नसते, जास्त असते. त्या एका पिक्सेलमध्ये शटर उघडं असतानाचे सगळे क्षण आणि भिंगावरचे सगळे बिंदू मिसळलेले असतात. शार्प पिक्सेलला एक उत्तर पुरतं, धूसर पिक्सेलला शंभर लागतात. पुढचं सगळं या एका भानगडीतून निघतं.

याचं बरोबर उत्तर १९८४ मध्येच मिळालेलं आहे, ही यातली मजा. लुकासफिल्मच्या कॉम्प्युटर विभागात (जो पुढे पिक्सार झाला) रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कारपेंटर यांनी डिस्ट्रिब्यूटेड रे ट्रेसिंगचा पेपर लिहिला. रे ट्रेसिंग म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून सीनमध्ये किरण सोडायचा आणि तो कशावर आदळतो ते बघायचं. कल्पना इतकी साधी की चिडायला होतं. नाहीतरी एका पिक्सेलमधून अनेक किरण सोडायचेच आहेत कडा गुळगुळीत करायला, तर मग प्रत्येक किरणाला वेळ वेगळी द्या आणि भिंगावरचा बिंदू वेगळा द्या, सगळं रँडम, आणि शेवटी सरासरी घ्या. मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, मऊ सावल्या सगळं एकाच हिशोबात येतं. त्यांचं पूल टेबलवरच्या बॉलचं चित्र ग्राफिक्समधल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं, बॉलवर १, ९, ८, ४ आकडे आणि त्यातले काही हलताना पुसटलेले.

अडचण एकच, नॉइज. रँडम सॅम्पल (एक किरण, एक उत्तर म्हणजे एक सॅम्पल) घेतले की चित्रात दाणे येतात, आणि दाणे निम्मे करायचे असतील तर सॅम्पल चौपट लागतात, पाव करायचे तर सोळापट. सिनेमावाल्यांना चालतं, एका फ्रेमला तास लागला तरी रात्रभर मशीन चालू ठेवतात. गेमला सेकंदाला साठ फ्रेम काढायच्या तर एका फ्रेमला मिळतात १६.६७ मिलिसेकंद, त्यात सावल्या, प्रकाश, कॅरेक्टर, धूर, सगळं बसवायचं आणि ब्लरच्या वाट्याला येतात एक-दोन मिलिसेकंद, ते पण कोणी भांडून काढून घेतले नाहीत तर.

रिअल टाइमवाल्यांनी आधी सरळ रस्ता करून बघितला. १९९० मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सच्या पॉल हेबर्ली आणि कर्ट एकली यांनी ॲक्युम्युलेशन बफर मांडला, म्हणजे अख्खा सीन थोड्या थोड्या वेगळ्या वेळेला परत परत काढायचा आणि बेरीज करत जायची. पीसीवाल्यांना आठवत असेल, १९९९ मध्ये थ्रीडीएफएक्स या ग्राफिक्स कार्डवाल्या कंपनीने टी-बफरची केवढी जाहिरात केली होती, तो पुढच्या वर्षी त्यांच्या वूडू ५ कार्डमध्ये आला. आयडिया त्याच घराण्यातली. पण सॅम्पल मोजके, चार वगैरे, आणि चार सॅम्पलमध्ये वेगाने फिरणारा हात पुसट दिसत नाही, चार हात दिसतात, पत्त्यांचा पंखा उघडल्यासारखे. नीट फराटा हवा असेल तर निदान जितके पिक्सेल वस्तू सरकली त्याच्या आसपास सॅम्पल हवेत, आणि सीन तितक्या वेळा काढणं कोणालाच परवडत नाही. गेम बनवणाऱ्यांनी टी-बफरकडे फारसं बघितलंच नाही आणि कंपनीही थोड्याच काळात एनव्हिडियाच्या पोटात गेली.

मग आला जुगाड, आणि आज बहुतेक सगळे गेम ज्याच्यावर चालतात तो हाच. चित्र शार्पच काढायचं, एकदाच. पण सोबत प्रत्येक पिक्सेलसाठी लिहून ठेवायचं की इथली वस्तू मागच्या फ्रेममध्ये स्क्रीनवर कुठे होती. याला वेलॉसिटी बफर म्हणतात. मग शेवटी त्या दिशेने चित्र ओढायचं. ऐकायला सोपं आहे, करायला बसलं की कळतं. नुसता कॅमेरा हलत असेल तर डेप्थ बफरवरून (प्रत्येक पिक्सेलमधली वस्तू किती लांब आहे त्याची नोंद) जुनी जागा काढता येते, २००७ च्या सुमारास बरेच जण एवढंच करायचे. पण वस्तू स्वतः हलत असेल तर तिचं मागच्या फ्रेमचं मॅट्रिक्स (ती कुठे आणि कशी ठेवलीय ते सांगणारे आकडे) जपून ठेवावं लागतं, आणि माणूस पळत असेल तर त्याला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्याच्या सगळ्या हाडांच्या मागच्या जागा ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक व्हर्टेक्स (मॉडेल ज्या त्रिकोणांचं बनतं त्यांचा कोपरा) दोनदा हलवून बघावा लागतो, एकदा आत्ताच्या हाडांनी, एकदा जुन्या. वाऱ्यावर हलणारं गवत? त्याचा वारा पण दोनदा काढा. काच, धूर, ठिणग्या? त्यांना वेलॉसिटी बफरमध्ये सहसा जागाच नसते, कारण एका पिक्सेलला एकच वेग लिहिता येतो आणि काचेच्या पिक्सेलमध्ये काच पण आहे आणि मागचा माणूस पण आहे.

आकड्यात सांगतो म्हणजे अंदाज येईल. १९२० पिक्सेल रुंद स्क्रीन, ९० अंशांचा व्ह्यू, आणि तुम्ही सेकंदाला ९० अंश वळताय, म्हणजे फार काही जोरात नाही. साठ फ्रेमला स्क्रीनच्या मध्यावर चित्र एका फ्रेममध्ये साधारण २५ पिक्सेल सरकतं. सिनेमासारखं निम्मं शटर धरलं तर १२-१३ पिक्सेलचा फराटा. हाच गेम तीस फ्रेमवर चालवला तर फराटा दुप्पट. आणि माऊस झटकला की शंभरच्या पुढे.

आता खरी मारामारी. समजा एक गाडी सुसाट जातीये आणि मागे भिंत स्थिर आहे. खऱ्या फोटोत गाडीची कडा अर्धपारदर्शक होते, तिच्यातून भिंत दिसते. पण आपल्याकडे तर एकच शार्प चित्र आहे आणि त्यात गाडीच्या मागची भिंत काढलेलीच नाही! जीपीयूने ती टाकून दिली, कारण प्रश्न विचारला होता पहिलं काय दिसतं. म्हणजे गाडी पुसट केली की तिच्या आतल्या बाजूला जे दिसायला हवं ते आपल्याकडे नाहीच. आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे फराटा पसरायला हवा, तिथले पिक्सेल भिंतीचे आहेत आणि त्यांचा वेग शून्य लिहिलेला आहे, ते म्हणतात आम्ही कुठे हलतोय, आम्हाला का पुसट करता. जुन्या गेममध्ये म्हणूनच गाडी आतून पुसट आणि बाहेरून कात्रीने कापल्यासारखी सरळ कडा, असा विचित्र प्रकार दिसायचा.

२०१२ मध्ये ग्राफिक्स संशोधक मॉर्गन मॅग्वायर आणि सोबत्यांनी यावर जो फिल्टर लिहिला तो पुढे खूप इंजिनांनी उचलला. स्क्रीनचे वीसेक पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला सगळ्यात मोठा वेग शोधायचा, मग शेजारच्या चौकोनांचा पण बघायचा. आता भिंतीच्या पिक्सेलला निदान एवढं कळतं की बाजूच्या गल्लीतून कोणीतरी जोरात येतंय. मग तो पिक्सेल त्या दिशेने दहा-पंधरा ठिकाणी डोकावतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो, तू माझ्या पुढे आहेस का आणि तुझा वेग माझ्यापर्यंत पोचेल इतका आहे का? असेल तर तुझा रंग माझ्यावर चढव. किंवा उलट, मी हलतोय आणि तू माझ्या मागे आहेस का? मग तू माझ्या मागे लपलेली पार्श्वभूमी आहेस असं मी धरून चालतो. हे धरून चालणं म्हणजे चक्क थाप आहे. गाडीच्या मागे खरं काय होतं ते कोणालाच माहीत नाही, बाजूची भिंत उचलून तिथे लावली जाते. चालत्या गेममध्ये डोळ्याला कळत नाही, पॉज करून स्क्रीनशॉट झूम केलात तर कळतं. आणि एकाच चौकोनात दोन गोष्टी दोन दिशांना चालल्या असतील तर जिचा वेग जास्त तिचं ऐकलं जातं आणि दुसरीची वाट लागते, त्यावर २०१४ मध्ये जॉर्ज हिमेनेझने कॉल ऑफ ड्यूटीसाठी केलेलं काम वगैरे आहे, पण मूळ आजार तोच.

हेलिकॉप्टरचा पंखा मात्र यातल्या कशालाच दाद देत नाही. वेलॉसिटी बफरला सरळ रेषा कळते, पातं एका फ्रेममध्ये गोलात कितीतरी अंश फिरून जातं, त्यामुळे फराटा वर्तुळात जायच्या ऐवजी सरळ बाहेर पडतो. म्हणून वेग वाढला की पाती गायब करून तिथे आधीच पुसट काढलेली अर्धपारदर्शक चकती लावतात. गाडीच्या चाकांनाही तेच. पुढच्या वेळी रेसिंग गेममध्ये गाडी हळूहळू सुरू करा आणि चाकाकडे बघा, बऱ्याच गेममध्ये एका ठरावीक वेगाला चाक बदललेलं दिसेल.

डेप्थ ऑफ फील्ड हा याचाच भाऊ, पण जास्त खडूस. इथे प्रत्येक बिंदूचा एक गोल होतो, सर्कल ऑफ कन्फ्यूजन म्हणतात, आणि तो किती मोठा ते भिंगाच्या साध्या फॉर्म्युल्यातून निघतं. समजा ५० एमएमची लेन्स, छिद्र एफ १.८ म्हणजे बऱ्यापैकी उघडं, फुल फ्रेम म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर, फोकस दोन मीटरवर. खूप लांबचा दिवा सेन्सरवर ०.७१ मिलिमीटरचा गोल होतो, १९२० रुंदीच्या चित्रात साधारण ३८ पिक्सेल व्यास. लांब म्हणजे कितीही लांब असू दे, चंद्र असला तरी त्याच्या प्रत्येक बिंदूचा गोल तेवढाच, त्याच्यापुढे जात नाही. पण जवळ या. अर्ध्या मीटरवरची वस्तू, ११४ पिक्सेल. अजून जवळ आणली तर अजून मोठा, याला वरची मर्यादाच नाही. म्हणजे मागचा धूसरपणा आटोक्यात राहतो आणि पुढचा हाताबाहेर जातो, आणि नेमकं पुढचंच अवघड, कारण पुढची धूसर वस्तू स्वतःच्या कडेच्या बाहेर पसरते आणि शार्प गोष्टींवर चढते, आणि तिच्या आतून मागचं दिसायला हवं जे आपण काढलेलंच नाही. परत तीच गाडी आणि तीच भिंत.

मोबाईलचा पोर्ट्रेट मोड बघा, तिथे पण हेच चाललेलं असतं. छोट्या लेन्सने सगळं शार्प येतं, मग अंदाजे डेप्थ काढून मागचं धूसर करतात, आणि केसांच्या बटा, चष्म्याची काडी, कानाच्या मागचा भाग इथे पितळ उघडं पडतं. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या अर्ध्या शार्प अर्ध्या गायब असं मी बघितलेलं आहे.

खर्चाचं पण ऐका. ३८ पिक्सेल व्यासाच्या गोलात साधारण ११३० पिक्सेल बसतात. अख्खी स्क्रीन आउट ऑफ फोकस असेल आणि प्रत्येक पिक्सेलने आपला गोल प्रामाणिकपणे वाचायचं ठरवलं तर एका फ्रेमला सुमारे २३५ कोटी वेळा वाचन. फोरकेला गेलात तर पिक्सेल चौपट आणि गोलाचं क्षेत्रफळ पण चौपट, म्हणजे सोळापट काम. म्हणून मग निम्म्या रिझोल्यूशनला करा, मोजकेच सॅम्पल घ्या, फक्त चकाकणाऱ्या ठिपक्यांसाठी वेगळे गोल चिकटवा, असे उद्योग. २०११ मध्ये बॅटलफील्ड ३ आणि नीड फॉर स्पीडवाल्यांनी षटकोनी बोके (फोकसबाहेरच्या दिव्यांचे जे मोठे धूसर ठिपके दिसतात ते) तिरक्या सरळ ब्लरमधून काढायची युक्ती दाखवली होती, षटकोन म्हणजे तीन समभुज चौकोन जोडलेले आणि प्रत्येक चौकोन दोन सरळ ब्लरमधून निघतो. कागदावर पेन्सिलने काढून बघा, मला ती अजूनही या विषयातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. २०१७ मध्ये हे दोन्ही गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्याच क्लेबर गार्सियाने कॉम्प्लेक्स नंबर वापरून गोल बोके पण आडवा-उभा असा दोन फेऱ्यांत काढून दाखवला. कॉलेजात कॉम्प्लेक्स नंबर कुठे वापरतात असं विचारलं की सर चिडायचे, घ्या, इथे वापरतात.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, ब्लर कुठल्या टप्प्यावर करता याला फार किंमत आहे. दिव्याचा उजेड खरा कितीही असो, स्क्रीनवर दाखवताना तो पांढऱ्यावर कापला जातो. कापल्यानंतर ब्लर केलात तर दिवा आजूबाजूच्या अंधारात मिसळून राखाडी डाग होतो. कापायच्या आधी, खऱ्या उजेडाच्या आकड्यांवर केलात तर तोच दिवा झगझगीत गोल होऊन उमटतो, रात्रीच्या मरीन ड्राइव्हच्या फोटोत दिसतात तसे. स्वस्तातला ब्लर ओळखायचा असेल तर रात्रीच्या सीनमधले दिवे बघा, लगेच कळेल.

मग एवढं सगळं करून लोकांना आवडत का नाही? कारण डोळा. माटुंग्याला स्लो प्लॅटफॉर्मवर उभे राहा आणि न थांबता जाणारी फास्ट लोकल बघा. समोरच्या खांबावर नजर ठेवलीत तर ट्रेन म्हणजे नुसता फराटा. पण दारात लटकलेल्या एका माणसावर नजर लावून मान फिरवलीत तर तो माणूस बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो आणि खांब पुसट होतात. गेमला तुमची नजर कुठे आहे ते माहीत नसतं. त्याने लोकल पुसट करून दिली आणि तुम्ही नेमके दारातल्या माणसाकडे बघत असाल तर तुम्हाला तो माणूस पुसट मिळतो, आणि ते चुकीचंच आहे. सिनेमात दिग्दर्शक ठरवतो कुठे बघायचं आणि आपण मुकाट्याने बघतो, गेममध्ये कॅमेरा आपल्या हातात असतो. डेप्थ ऑफ फील्डची पण तीच रड, मला कोपऱ्यातला शत्रू बघायचाय आणि गेमने फोकस बंदुकीवर ठेवलाय. व्हीआरमध्ये तर हे इतकं जाणवतं की तिथे मोशन ब्लर सहसा टाळतातच, उलट डिस्प्ले प्रत्येक फ्रेममध्ये क्षणभरच पेटवतात म्हणजे डोळा फिरला तरी चित्र ओघळत नाही.

आणि हो, आपला नेहमीचा एलसीडी फ्रेमभर तेच चित्र धरून ठेवतो, त्यामुळे नजर फिरत असताना तो स्वतःच थोडा ब्लर घालत असतो. त्यावर गेमचा ब्लर म्हणजे डबल. तुम्ही ऑफ करता त्याचं अर्धं कारण हे आहे.

मग रे ट्रेसिंग आलंय तर १९८४ चं उत्तर का नाही वापरत, असं कोणीतरी विचारणारच. करता येतं. रे ट्रेसिंगच्या आधीही, २००७ मध्ये टोमास अकेनिन-मोलर आणि मंडळींनी त्रिकोणच वेळेनुसार हलते धरून रँडम रास्टरायझेशन (किरण न सोडता त्रिकोण थेट पिक्सेलवर उतरवायची जीपीयूची नेहमीची पद्धत, पण रँडम वेळांना) करून दाखवलं होतं, पण नेहमीच्या ग्राफिक्स कार्डमध्ये ते कधी उतरलं नाही. आजची गोची वेगळी आहे. आज बहुतेक मोठे गेम कमी रिझोल्यूशनला काढून टीएए (आधीच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करायचं तंत्र) किंवा डीएलएसएस (एनव्हिडियाचं चित्र मोठं करायचं तंत्र) सारख्या गोष्टींनी गुळगुळीत आणि मोठे करतात आणि दाणे डिनॉइझरने पुसतात, आणि ही सगळी मंडळी मागच्या फ्रेममधून माहिती उचलतात. त्यांना प्रत्येक पिक्सेलसाठी एक डेप्थ आणि एक वेग लागतो. धूसर पिक्सेलचा वेग कोणता सांगणार, गाडीचा का भिंतीचा? दोन्ही त्यात आहेत. म्हणून सरळ मार्ग हाच की आधी शार्प काढा, मोठं करा, साफ करा, आणि मोशन ब्लर नंतर वरून लावा. म्हणजे किरण सोडायची ताकद असूनसुद्धा परत त्या २०१२ च्या थापेकडे. आणि तो वेलॉसिटी बफर आता ब्लर ऑफ केला तरी बनवावाच लागतो, कारण अपस्केलिंगला (चित्र मोठं करायला) तोच लागतो, त्यामुळे ऑफ करून वाचतो तो फक्त शेवटचा फिल्टर, पूर्वी वाचायचं तेवढं नाही.

माझ्या सेटिंग्ज विचाराल तर, कन्सोलवर किंवा तीस फ्रेमला चालणारा गेम असेल तर ब्लर ठेवतो, थोडा कमी करून. साठला कॅमेऱ्याचा ब्लर बंद आणि वस्तूंचा चालू, जर गेमने दोन वेगळी बटणं दिली असतील तर, आणि अजूनही कित्येक गेम देत नाहीत. एकशेवीसच्या पुढे सगळं बंद. डेप्थ ऑफ फील्ड कटसीनमध्ये (मध्येच लागणाऱ्या सिनेमासारख्या तुकड्यात) चालू, खेळताना बंद. आणि फोटो मोड असेल तर तिथे नक्की जा, कारण तिथे गेम थांबलेला असतो, घाई कोणालाच नसते, मग काही इंजिनं कॅमेरा भिंगाच्या वेगवेगळ्या बिंदूंवर सरकवत सीन परत परत काढून बेरीज करतात, हेबर्ली-एकलीच्या १९९० च्या पद्धतीने. बटण दाबल्यावर चित्र सेकंदभरात हळूहळू मऊ होत गेलं तर समजा तुमच्या गेममध्ये तेच चाललंय, आणि मग झूम करून केसांच्या कडा बघा.